पालम रस्त्यावरची कडुनिंबं

कासाबाईला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. जेवता जेवता बकरीची घंटा ऐकू आली, की ताट सारून ती रस्त्याकडं धावायची. घरच्याच चाळीस बकऱ्या, आणि ही बाई झाडं राखणारी! नवरा, रायभान, वैतागायचा. पालम रस्त्याच्या कडेला सरकारी रोपं लावली, तेव्हा एका बाजूला पाणी घालायला ती होती, दुसऱ्या बाजूला बौद्धवाड्यातली सुलाबाई. तीन उन्हाळे दोघींनी डोक्यावर हंडे वाहिले. पुढं काम बंद झालं. कासाबाईची फेरी सुटली नाही. दहा वर्षांत कडुनिंबांची सावली रस्त्यावर आली.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पुन्हा पेटला. एके सकाळी विरोधातली गावचीच दहा-बारा माणसं कुऱ्हाडी घेऊन निघाली. झाडं आडवी पाडून एसटी अडवायची होती. कासाबाई पळत आली नि बुंध्याला चिकटली.

"सरक मावशे," त्यांच्यातला भुजंग म्हणाला.

"झाडाला हात लावू नका. रस्ताच अडवायचाय न्हवं? दगडं देते मी."

बांधावरचे धोंडे तिनं स्वतः लोटत आणले. तासाभरात एसटी येऊन थांबली. माणसं मुकाट उतरली. त्यांत गावच्या थांब्यावर चढलेली सुलाबाई होती, डोक्यावर गाठोडं.

"पोरगी परभणीला दवाखान्यात हाय. पहिलं बाळंतपण," ती म्हणाली. मग तिची नजर कासाबाईच्या मातीनं भरलेल्या हातांवर गेली. "ही दगडं तू आणलीस?"

"झाडासाठी गं..."

सुलाबाई गाठोडं सावरत धोंडे ओलांडून चालू लागली.

कासाबाई झाडापाशी गेली, परत आली, पुन्हा गेली. सुलाबाई वळणावर पोचली, तशी ती धावत सुटली. गाठोडं ओढून तिनं आपल्या डोक्यावर घेतलं. मागं कुऱ्हाडीचा घाव वाजला.

"जा माघारी. लय वाजायलंय," सुलाबाई थांबून म्हणाली.

"वाजू दे. चल."

तरी प्रत्येक घावाला तिची मान वळत होती. दोन कोसांवर एका ट्रकवाल्यानं दोघींना घेतलं. दुपारी पोचल्या, तेव्हा पोरगी सुखरूप मोकळी झाली होती. सगळ्यांनी बाळ हाती घेतलं. कासाबाई दारातच येरझारा घालत राहिली.

परतल्यावर पाहिलं, तर पाच झाडं गेली होती. सुलाबाईनं धोंड्यांचा विषय पुन्हा काढला नाही. कासाबाईला मात्र त्याबद्दल बोलायचं होतं. दर दोन-चार दिवसांनी ती सुलाबाईच्या दारापर्यंत जायची, नातीची खुशाली विचारायची, आणि तशीच परत फिरायची.