लांबची लेन्स

फोटो लॅबमध्ये तिला सगळे खोडरबर म्हणायचे. एकवीस वर्षं ती खिडकी नसलेल्या खोलीत संगणकासमोर बसून लोकांच्या लग्नांतलं नको ते पुसत आली होती. नवरीच्या गालावरची पुटकुळी, मागच्या भिंतीवर लोंबणारी वायर, घास घेताना उघडलेला कुणा काकांचा जबडा. एकदा तर एका घरातल्यांनी घटस्फोटानंतर अख्खा अल्बम परत आणला आणि यातून जावई काढून द्या म्हणाले. तिने अठ्ठेचाळीस फोटोंतून जावई काढला. एका फोटोत त्याचा हात तेवढा सासूच्या खांद्यावर राहून गेला. सासूबाईंचा फोन आला, "अहो, हा कुणाचा हात?"

मग लॅब बंद झाली. मालकांनी शेवटच्या दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलं की आता लोक फोनवरच काढतात आणि फोनवरच गोरे होतात, आपलं काम संपलं. निरोप घेताना ते तिला म्हणाले, "तू इतकी लग्नं पाहिलीस, आता स्वतः फोटो काढायला लाग." ते सहज बोलले होते. तिच्या मात्र डोक्यात ते घर करून बसलं.

नवऱ्याला तिने चार दिवसांनी सांगितलं. नवरा पाणीपुरवठा कचेरीत मीटरची नोंद ठेवायचा. माणूस मितभाषी. तो म्हणाला, "तुला जमेल. पण कॅमेरा कुठला घ्यायचा, ते कळतं का तुला?"

खरी अडचण तिथेच होती. फोटोत काय बिघडलंय हे तिला आंधळ्यासारखं बोटाने चाचपूनही सांगता आलं असतं. हॉलच्या दिव्यांनी पिवळे पडलेले चेहरे, फ्लॅशने पांढरीफटक झालेली नाकं, हललेले हात, सगळं तिला पाठ होतं. पण ते मुळात कशामुळे बिघडतं, कुठल्या काचेमुळे आणि कुठल्या बटणामुळे, याची तिला गंधवार्ता नव्हती. तिच्यापर्यंत बिघडलेलं तेवढं यायचं.

दिराला मात्र सगळं कळत होतं. त्याने आयुष्यात एकही लग्न टिपलेलं नव्हतं, पण फोनवर कॅमेऱ्यांचे इतके व्हिडिओ पाहिले होते की समोरच्याने तोंड उघडायच्या आत तो उत्तर देऊन मोकळा व्हायचा. "वहिनी, तुम्ही काळजीच करू नका," तो म्हणाला. "मी येतो दुकानात."

दुकान म्हणजे एक अरुंद गाळा. काचेच्या कपाटांत लेन्स ओळीने उभ्या, आणि त्यांच्या मागे जाड चष्म्याचा दुकानदार. तिने चाचरत विचारलं, "कमी उजेडात रवा पडतो ना फोटोत, तो कुठल्यात कमी पडेल?"

दुकानदाराने चष्मा वर केला. "रवा?"

"म्हणजे कणकण दिसतात. सावलीत जास्त."

"नॉइज म्हणतात त्याला, वहिनी," दीर म्हणाला आणि तिथून पुढे बोलणं त्या दोघांतच सुरू झालं. आकडे, अक्षरं, मोठा सेन्सर, छोटा सेन्सर. सगळं तिच्या डोक्यावरून जात होतं. ती आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली.

मध्ये दुकानदाराने एक आखूड लेन्स लावून कॅमेरा तिच्या हातात दिला. तिने तो डोळ्याला लावला आणि एवढासा गाळा एकदम ऐसपैस झाला. दीर, दुकानदार, कपाट, दारातली उन्हाची पट्टी, सगळं आत मावलं. कॅमेरा हाताला हलका होता. तिला तो सोडवेना.

"हीच घेऊ या?" ती म्हणाली.

"ही?" दीर हसला. "अहो, ही काडेपेटी घेऊन लग्नात गेलात तर पाहुणे तुम्हालाच पाहुणी समजतील. लग्नाला लांबची लेन्स लागते. लांब उभं राहायचं, कुणाला कळू द्यायचं नाही आणि टिपायचं. मागचं सगळं कसं लोण्यासारखं धूसर होतं, बघा."

दुकानदाराने लांबची लेन्स काढून दिली. दुधाच्या किटलीएवढी. डोळ्याला लावल्यावर रस्त्यापलीकडच्या चपला दुरुस्त करणाऱ्याच्या भुवईचे केस दिसले. मागची गर्दी खरोखरच लोणी झाली होती. असं धूसर मागचं तिने शेकडो फोटोंत हाताने घासघासून केलं होतं.

"दोन्ही घेता येतील?" तिने विचारलं. नाही येणार, हे तिलाही माहीत होतं. लॅबमधून हातात आलेल्या पैशांत एक कॅमेरा आणि एकच लेन्स बसत होती.

कचेरीतून परस्पर आलेला नवरा दारात उभा होता. "तुला पटतंय ना?" त्याने हळूच विचारलं.

तिला पटत नव्हतं. पण का पटत नाही, हे सांगायला तिच्याकडे शब्द नव्हते, आणि दिराकडे शब्दांची खाण होती. ती म्हणाली, "हो."

घरी आल्यावर तिने गच्चीवर सराव केला. वाळत घातलेले कपडे, समोरच्या टाकीवरची कबुतरं, तीन इमारती पलीकडे दात घासणारा माणूस. फोटो असे झकास आले की तिचे तिलाच खरे वाटेनात. घरात मात्र टेबलाशी बसलेला नवरा काही केल्या पुरा येईना. भिंतीला पाठ लावली तरी मिशी आणि एक कान. ती हसली. दीर म्हणाला, "अहो वहिनी, हॉल काय तुमच्या स्वयंपाकघराएवढा असतो का?"

पहिलं काम खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या ताईंनी दिलं. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. ताई तीस वर्षं मशीन चालवत होत्या. इमारतीतल्या निम्म्या बायकांची मापं त्यांना तोंडपाठ, आणि कुणाचं माप कधी वाढलं हेही. गेले आठ महिने त्या आजारी होत्या. अंगावरचे कपडे त्यांनी स्वतःच तीनदा आत घेतले होते.

हॉल मोठा होता. खोडरबर आधी जाऊन पाहून आली, कुठे उभं राहायचं ते पावलांनी मोजून आली. लांबची लेन्स तिथे अगदी चपखल बसणार होती. तिला वाटलं, भाऊजींचं बरोबरच होतं.

लग्नाला तीन दिवस उरले असताना ताईंची मुलगी वर आली आणि दारातच उभी राहिली.

"मावशी, हॉल रद्द केला. आईला अर्धा ताससुद्धा बसवत नाहीये. नोंदणी कचेरीतच सह्या करतोय. ती म्हणते तेवढं तरी डोळ्यांनी बघू दे."

"कचेरीत? आत किती जागा आहे गं?"

"लहान खोली आहे. आणि फोन बाहेर जमा करायला लागतात. फोटोसाठी एकाच माणसाला परवानगी मिळते. तुझं नाव दिलंय."

मुलगी गेल्या गेल्या खोडरबरने चपला चढवल्या आणि दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, "वापरलेली लेन्स परत कशी घेऊ, बाई? बरं, घेतली असती, पण ती आखूड परवाच गेली. नवा माल यायला दहा दिवस." भाड्याने? भाड्याची लेन्स कुणीतरी परगावी नेली होती. लॅबमुळे ओळखीचे दोन फोटोग्राफर होते. एकाची त्या दिवशी तीन कामं होती, दुसरा फोन उचलेना. दिराला सांगितलं तर तो म्हणाला, "मग खोलीच्या बाहेरून काढा ना," आणि त्याला घाईचं काहीतरी काम आठवलं.

शेवटी ती मनाचा हिय्या करून ताईंकडे गेली. ताई पलंगावर उशीला टेकून मुलीच्या लग्नातल्या ब्लाउजला हुक लावत होत्या.

"ताई, माझं ऐका. दुसरा कुणीतरी बघू या. माझ्याकडचं सामान त्या खोलीत चालणार नाही."

ताईंनी दोरा दातांनी तोडला. "परक्या माणसासमोर मला असलं तोंड घेऊन बसायचं नाही. तू माझ्या डोळ्यांखालचं काळं पुसशील. दुसरा कोण पुसणार आहे?"

"पण फोटोच आला नाही तर पुसू काय?"

"येईल गं. एकच फोटो तर हवाय. मी आणि ती. बाकीचे नाही आले तरी चालतील."

खोडरबरने घरी जाऊन तीच लेन्स पुसून बॅगेत ठेवली.

कचेरीतली खोली दहा बाय दहाची होती, आणि त्यातली निम्मी जागा टेबलाने खाल्लेली. टेबलामागे अधिकारी, भिंतीला कपाटं, कपाटांवर छतापर्यंत फायलींचे गठ्ठे. नवरदेव, नवरी, तीन साक्षीदार आणि चाकांच्या खुर्चीत ताई. खोडरबरने कपाटाला पाठ लावली. कुलूप तिच्या कमरेत रुतलं. तिने कॅमेरा डोळ्याला लावला तर समोर नुसता एक कान. नवरदेवाचा असावा.

तिने लेन्स उलटी फिरवली, होती तेवढी आखूड केली. आता एक गाल आणि गळा आला. जवळच्या साक्षीदाराकडे वळली तर लेन्स फोकसच घेईना, नुसती पुढेमागे कुरकुरत राहिली. ती दाराबाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली, तिथून दोघं मावायला लागली, तेवढ्यात शिपायाने दार लोटून घेतलं. "बाई, नोंदणी चालू असताना दार उघडं ठेवता येत नाही. आत तरी राहा, नाहीतर बाहेर तरी."

ती आत आली.

नवरी सही करायला वाकली. ताईंनी खुर्चीतून हात लांब करून तिच्या गालाला लावला, आणि मुलीने लिहिता लिहिता गाल त्या हातात टेकवून तसाच ठेवला. अधिकारीसुद्धा क्षणभर थांबले. खोडरबरने बटण दाबलं. आलं काय, तर एक मनगट, अर्धं कानातलं आणि फाइलवरचा शिक्का. आई घ्यावी तर मुलगी जायची, मुलगी घ्यावी तर आई.

"ताई, तिच्या डोक्याला डोकं लावता का?" ती म्हणाली. तिला स्वतःलाच आपला आवाज ऐकू आला नाही, तर इतरांना काय येणार?

"आवरा," अधिकारी म्हणाले. "पुढचं जोडपं थांबलंय."

आणि तेव्हा एकवीस वर्षांची सवय तिच्या मदतीला धावली. तिला वाटलं, वेगवेगळे घेऊ, नंतर जोडता येतील. तिने नवरीचा एक घेतला. मग ताईंकडे वळून, या वेळी चांगलं मोठ्याने, म्हणाली, "ताई, इकडे बघा. माझ्याकडे."

ताईंनी मुलीवरची नजर काढली आणि आज्ञाधारकपणे कॅमेऱ्याकडे पाहिलं. खटकन फोटो आला. स्वच्छ, नेमका, मागचे गठ्ठे लोण्यासारखे धूसर. साक्षीदारांच्या सह्या चालू होत्या तेव्हाच ताईंना घेरी आली, आणि साक्षीला आलेल्या त्यांच्या भावाने खुर्ची मागच्या उताराने खाली गाडीकडे नेली. बाहेरच्या अंगणात खोडरबरने नवरा-नवरीचे भरपूर फोटो काढले. तिथे जागाच जागा होती.

जोडायला तिला तीन दुपारी लागल्या. असं काम तिने जन्मात केलं नव्हतं. खांद्याची सावली जुळवली, टेबलाची कड जुळवली, ताईंच्या डोळ्यांखालचं काळं पुसलं, तेही सगळं नाही, ओळख पटेल एवढं ठेवून. नवऱ्याने पाहिलं आणि म्हणाला, "कुणाला कळणारसुद्धा नाही." दीर म्हणाला, "बघा, लांबची लेन्सच ती." पुढे महिनाभराने तीच लेन्स पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या एका डॉक्टरांना कमी भावात गेली आणि काडेपेटी घरात आली, पण ते पुढचं.

चौथ्या दिवशी ती छापलेला फोटो घेऊन खाली गेली. ताई पलंगावर होत्या. मुलगी सासरहून आली होती, पायाशी बसून आईचे पाय चेपत होती. ताईंनी चष्मा मागितला आणि फोटो पोटावर उभा धरून खूप वेळ पाहिला.

"छान आलीय गं ही," त्या म्हणाल्या. मग बोट स्वतःच्या तोंडावर ठेवून म्हणाल्या, "मी कुठे बघतेय?"

खोडरबरने फोटोकडे वाकून पाहिलं.

"मी तर सगळा वेळ हिच्याकडेच बघत होते. हो की नाही गं?"

"हो, आई," मुलगी म्हणाली.

"मी डोळे वळवून देते, ताई," खोडरबर घाईघाईने म्हणाली. "जमतं ते. बुबुळं थोडी सरकवायची, पापणी जराशी खाली घ्यायची. उद्या आणून देते."

ताईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. शिवलेला कपडा अंगात बसला नाही की त्या गिऱ्हाइकाकडे जशा पाहायच्या तशा पाहत होत्या, चूक कापडाची की मापाची हे ठरवत.

"ते तू बघितल्यासारखं होईल," त्या म्हणाल्या. "माझं बघणं नाही होणार."

"माझंच चुकलं, ताई. मीच तुम्हाला इकडे बघा म्हणाले."

"तू सांगितलंस म्हणून मी बघितलं. मला वाटलं, तुला कळतं."

मुलीने फोनवर दुसरा काढू या का, असं विचारलं. ताईंनी मानेनेच नको म्हटलं आणि डोळे मिटले. खोडरबरने फोटो परत घ्यायला हात पुढे केला, निदान हा त्यांच्या समोरून तरी न्यावा म्हणून. पण ताईंच्या बोटांनी त्याची कड धरून ठेवली होती.

"असू दे इथे," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "दुसरा कुठे आहे?"