लांब बाह्या

माझी आई शाळेचे गणवेश शिवायची. तिचा हात इतका साफ होता की कॉलर उलटून पाहिली तरी कुठला टाका वरचा आणि कुठला आतला ते कळत नसे. बाहीचं माप घेण्याची तिची तऱ्हा मात्र जगावेगळी. बाकीचे शिंपी सरळ 'हात पुढे कर' म्हणून मोकळे होतात. आई हे शब्द कधीच तोंडातून काढत नसे. मूल उभं असेल तसंच उभं ठेवायची आणि टेप घेऊन स्वतःच त्याच्याभोवती फिरायची, वाकायची, गुडघ्यावर बसायची. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, बाई, माप घेताय की पहारा देताय? आई हसून वेळ मारून न्यायची.

तिच्या उजव्या हाताची तर्जनी मधोमध वाकडी होती. सुई ती अंगठा आणि मधल्या बोटात धरायची. कुणी विचारलंच तर सांगायची, मशीनच्या सुईखाली गेलं. खरं काय ते मला मावशीने सांगितलं. आई लहानपणी सातच्या पाढ्याला अडकली, तेव्हा बाईंनी हात पुढे करायला लावून पट्टी उभी धरून मारली होती. रडत घरी आली तर आजोबांनी एवढंच विचारलं, की पाढा का येत नाही, आणि वर दोन ठेवून दिल्या. बोट कुणी डॉक्टरला दाखवलंच नाही, ते तसंच वाकडं जुळलं. आईची शाळा तिथेच संपली. आजोबांचा मला अजून राग येतो. आता ते नाहीत, म्हणून काही तो कमी होत नाही.

मी चौथीत गेले आणि आम्हाला छडीवाले सर आले. एके दिवशी जेवताना मला घास धरता येईना. आईने माझी मूठ उघडून पाहिली आणि ताटावरून उठली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मशीन चालवताना ती एकच वाक्य पुटपुटत होती. 'माझ्या मुलीला मारू नका, चुकली तर मला सांगा.' दुपारी इस्त्रीची साडी नेसून ती माझ्याबरोबर शाळेत आली. मला वाटलं, आता सरांची काही खैर नाही.

सर अगदी गोड बोलले. आईला खुर्ची दिली, मी किती धांदरट आहे ते हसत हसत सांगितलं. मग त्यांना आठवलं, माझी कंपासपेटी त्यांनी काढून घेतली होती. खण उघडून ती बाहेर काढत ते म्हणाले, "ही घेऊन जा. हात पुढे करा."

आईने डोळे घट्ट मिटले, मान एका बाजूला वळवली आणि तळहात वर करून हात पुढे केला. सर क्षणभर बघतच राहिले, मग त्यांनी पेटी तिच्या हातावर ठेवली. आईने डोळे उघडले, "थँक्यू सर" म्हणाली आणि उठली. सकाळपासूनचं ते वाक्य बोलायचं राहूनच गेलं.

फाटकाबाहेर आल्यावर तिने मला विचारलं, "मी बोलले ना गं सरांना?"

"हो, बोललीस की," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते मी?

मार काही थांबला नाही. मी घरी येण्याआधी शाळेच्या नळाखाली हात धरून उभी राहायची. आईने विचारलं की सांगायची, आता नाही मारत. मग आई गिऱ्हाइकांना सांगायची, मी स्वतः जाऊन सरांना सांगून आले, तेव्हापासून पोरीला बोट लावलेलं नाही. हे सांगताना तिचा चेहरा इतका खुलायचा की मी हात पाठीमागे घ्यायची.

त्याच वर्षी तिने माझ्या गणवेशाच्या बाह्या बोटं झाकतील एवढ्या लांब ठेवल्या. मी खूप आदळआपट केली. दुसऱ्यांच्या पोरींना मापात आणि मला बुजगावण्यासारखं का म्हणून? वाढत्या अंगाचं आहे, असं म्हणून तिने विषय संपवला. वर्गातल्या मुली मला हसायच्या. म्हणून कोपऱ्यावर वळलं की मी त्या बाह्या रागाने कोपरापर्यंत दुमडायची आणि घरी येताना पुन्हा सोडायची.

गेल्या महिन्यात आई गेली. शेवटचे दिवस अंथरुणातच होती. एका दुपारी मी तिचे केस विंचरत होते, तर तिने माझा हात धरला आणि तळव्यावरून ते वाकडं बोट फिरवत राहिली.

"मला ठाऊक होतं गं," ती म्हणाली. "तू झोपलीस की मी तुझे हात बघायचे. पुन्हा जावं असं रोज वाटायचं, पण पाय उचलायचाच नाही. म्हणून मग बाह्या लांब ठेवल्या. तेवढंच येत होतं मला."

माझ्या हातातला कंगवा तसाच राहिला. मला रडू आवरेना.

"छडी उगारली की तू बाही ओढून घ्यायचीस ना हातावर?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणाले. "घ्यायचे की."

"मग कमी लागत असेल," आई म्हणाली, आणि तिने डोळे मिटले.