उन्हात घातलेले कागद

दादा गेल्याची बातमी मला एसटीच्या कंडक्टरने दिली. मालवणला आमच्या शाळेच्या फाटकाशी त्याने गाडी थांबवली, अर्धं अंग बाहेर काढलं आणि सगळ्या उतारूंच्या देखत मोठ्याने सांगितलं, "बाई, आरोंद्याचे तुमचे दादा सकाळी गेले. बसा, तिकिटाचं मागून बघू." हातातला खडूसुद्धा खाली न ठेवता मी गाडीत चढले. वाटेत एक ओळखीची बाई म्हणाली, सुटले बिचारे. दादा आणि बिचारा! ऐकलं असतं तर त्याने तिला गाडीतून उतरवलं असतं.

माणूस गेला की तो प्रेमळ होता, असं लिहायची चाल आहे. माझा थोरला भाऊ प्रेमळ नव्हता. मुंबईच्या वर्तमानपत्रात नोकरी लागल्यापासून तो घरातसुद्धा छापील मराठी बोलायचा आणि आमच्या मालवणीला हसायचा. लढाई सुरू झाली तेव्हा त्याने कोकणच्या तरुणांना उद्देशून लेखांवर लेख लिहिले. पलटणीत चला, नाव काढा, बापजाद्यांच्या तलवारी गंजल्या… असलं बरंच. लेख फक्कड होते, हे मला मान्य केलं पाहिजे. आरोंद्यात ते देवळाच्या ओसरीवर मोठ्याने वाचले जायचे. ते ऐकून आमच्या शेजारच्या भागीकाकीचा अंकुश भरती झाला. एकुलता एक मुलगा, बाप आधीच वारलेला. वर्ष फिरायच्या आत सरकारी तार आली, ब्रह्मदेशात लढताना धारातीर्थी पडला म्हणून.

त्या चतुर्थीला दादा गणपतीसाठी घरी आला होता. भागीकाकी आमच्या पायरीशी येऊन उभी राहिली. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. आरतीला जमलेल्या सगळ्या माणसांसमोर तिने विचारलं, "तुझा लिवलेला वाचून माझो झील गेलो. तू कधी जातलंस?"

दादाच्या हातातली निरांजनं विझली तरी तो तसाच उभा होता. मुंबईला परत गेला आणि महिन्याभरात पलटणीत दाखल झाला. पत्रकार शिपाई झाला म्हणून त्याच्याच वर्तमानपत्राने त्याचा फोटो छापला, गावाने अभिमान मिरवला. तो पलटणीत कशाने गेला ते आम्हा त्या दिवशीच्या माणसांना ठाऊक होतं. शरमेने गेला.

परत आला तो एका पायाने लंगडत आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन. ट्रंकेत कागद होते. छावणीत लिहिलेले, इस्पितळात लिहिलेले, सिगारेटच्या पाकिटांच्या पाठीवर लिहिलेले. मुंबईची नोकरी त्याने पुन्हा धरली नाही. सगळे कागद एकत्र करून छापायचे, हा एकच धंदा उरला होता त्याला. छापणारा मिळेना. स्वातंत्र्य आलेलं, इंग्रजांच्या लढाईचं रडगाणं कोणाला हवं होतं? कागद तेवढे राहिले आणि आमच्या दमट हवेत त्यांना बुरशी धरू लागली. मग दर वैशाखात तो ते घरापुढच्या खळ्यात उन्हात घालायचा. एकीकडे आमसुलं, एकीकडे वहिनीने पसरलेले बांगडे, मध्ये दादाची लढाई, प्रत्येक कागदावर खाडीतला एकेक गोटा. एखादा कागद जागचा हलला तर वहिनीला असा बोलायचा की ऐकणाऱ्याला लाज वाटावी. जाणारी-येणारी माणसं कुंपणावरून विचारायची, "काय बाबल, बांगडे सुकले रे?" बाबल हे त्याचं घरातलं नाव. त्या कागदांना सुक्या मासळीचा वास लागला तो आजही आहे.

आणि कावळे हाकायला काठी घेऊन कोण बसायचं? भागीकाकी. तिची आमसुलंही आमच्याच खळ्यात असत, म्हणून ती बसायची. अक्षर ओळखत नव्हती, पण कोणत्या कागदावर कोणता गोटा ते तिला पाठ झालं होतं. त्यांतला एक अर्ध्या पानाचा कागद अंकुशविषयी होता. इस्पितळात दादाला आमच्याच भागातल्या रेडी गावचा एक शिपाई भेटला, अंकुशच्याच तुकडीतला. अंकुशचं काय झालं ते त्याने सांगितलं आणि दादाने उतरवून घेतलं. मला त्याने तो कागद वाचायला दिला होता. मी म्हटलं, हे तिला कधीही सांगू नकोस. यावरून आमची दर सुट्टीत भांडणं व्हायची. "खोटं छापताना मला कोणी अडवलं नाही," तो म्हणायचा, "खरं सांगायची वेळ आली की बहीण आडवी येते." पण आडवी यायची गरजच नव्हती. शत्रूच्या गोळीपुढे उभा राहिलेला हा माणूस तो अर्धा कागद हातात घेऊन म्हातारीसमोर बसायचा, "काकी…" म्हणायचा, आणि तिच्या कोंबड्यांची चौकशी करून उठायचा. तीही आभाळाकडे बघून म्हणायची, कागद गोळा कर, पाऊस येतलो. वैशाखातल्या कोरड्या आभाळातून तिला पाऊस दिसायचा.

असं करत करत दादा न सांगताच गेला. दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. बायका तिथे जात नाहीत, मी गेले. कावळे माडावर बसले होते, एकही खाली उतरेना. दादाच्या मुलाने आईला सांभाळीन म्हणून सांगितलं. चुलत्यांनी बांधाचा तंटा मिटवायचं कबूल केलं, ते मात्र हळू आवाजात. मी पुढे झाले आणि म्हटलं, दादा, तुझे कागद मी छापून आणते. मला वाटलं, आता शिवलाच. कावळ्याने मान फिरवली. भटजींना दुसरीकडे जायचं होतं, ते दर्भाचा कावळा करायला बसले. एवढ्यात मागच्या बांधावर येऊन बसलेली भागीकाकी उठली. हातातली काठी तिने खाली ठेवली. इतकी वर्षं जी कावळ्यांवर उगारली तीच.

"बाबल," ती म्हणाली, "माझ्या अंकुशाचा काय झाला, ता तुझी भयण माका वाचून दाखयतली. मी ऐकतलंय. जा तू आता."

कावळा उतरला. पिंडाला शिवला… आणि मी बांधली गेले. दिल्या शब्दाला कावळा शिवल्यावर माघार नसते. माझ्या भावाने जिवंतपणी माझ्याकडून जे करवून घेतलं नाही, ते त्याने असं करवून घेतलं. त्या क्षणी मला त्याचा संताप आला, खोटं कशाला सांगू.

या वैशाखात कागद मी वाळत घातले. भागीकाकी पायरीवर बसली, मी अर्धा कागद उचलला आणि वर्गात धडा वाचावा तसा सरळ वाचला. अंकुशला गोळी लागली नव्हती. हगवण लागली होती. तुकडी मागे हटत होती, त्याला चालवेना, म्हणून रस्त्याच्या कडेला झाडाला टेकवून ठेवला. तो पाणी मागत होता. पाणी होतं. पुढे किती चालायचं आहे ते ठाऊक नव्हतं, म्हणून कोणी दिलं नाही. बराच वेळ मागून हाका ऐकू येत होत्या.

काकीने पदर तोंडाला लावला नाही. आमसुलं परतून घातली, एक एक करून. मग विचारलं, "ह्या कोणी सांगल्यान?"

रेडीचा एक माणूस, मी म्हटलं. सध्या तिथे बंदरावर लोखंडाची माती भरतात, त्या कामावर मुकादम आहे. कागदात नाव आहे.

"म्हणजे तो थंय होतो," ती म्हणाली. "हाको ऐकल्यान तेणा." थोड्या वेळाने म्हणाली, "त्येका कळव, एकदा माझ्याकडे पाणी पिऊक ये म्हणान."

मी त्याला पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. दुसरं टाकलं, तेही तसंच. भागीकाकी आता खळ्यात बसायला येत नाही. दादाच्या कागदांवर कावळे चालतात, मी काठी आपटते तरी ते मला भीत नाहीत. तिच्या पडवीत मात्र पाण्याचा तांब्या भरलेला असतो, वर फुलपात्र उपडं. रोज सकाळी ती कालचं पाणी तुळशीला घालते आणि ताजं भरून ठेवते. दादाचं पुस्तक कधी होईल ते मला माहीत नाही. पण ज्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत हे छापून येतंय ती रेडीला जाते आणि तिथे वाचली जाते, हे मी चौकशी करून घेतलं आहे. म्हणून हा लेख. त्या माणसाचं नाव मी इथे घातलेलं नाही. कागदात ते स्पष्ट अक्षरात आहे.

रेडीहून निघणारी सकाळची गाडी जेवणाच्या आत आरोंद्याला पोचते.