हवेत थांबलेला अंगठा

शाईच्या गादीवर अंगठा दाबून झाला की तो कागदावर न टेकवता हवेत धरायचा आणि म्हणायचा, "आदी वाचून दाखवा."

हातावर शाई ओघळायची, मागे रांग खोळंबायची, पण अंगठा खाली यायचा नाही. सहीच्या जागी अंगठा उठवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यातल्या कुणी आपण कशाखाली अंगठा देतोय असं विचारल्याचं आठवतं का? मला हा एकच आठवतो.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. वसईला रेल्वेच्या रुळांची देखभाल करणाऱ्या कचेरीत मी तेव्हा नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. हा हवेत अंगठा धरणारा तिथला चावीवाला. रूळ जागेवर धरणाऱ्या लोखंडी चाव्या हातोडीने ठोकत रोज सकाळी नालासोपाऱ्यापर्यंत जायचा, परत येऊन मला हकीकत सांगायचा आणि मी ती वहीत लिहायचो. खरं सांगायचं तर इतरांच्या नावापुढे मी आठवड्याचं 'सर्व ठीक' सोमवारीच लिहून ठेवत असे.

"रोजचंच आहे हो, काय वाचायचं?" मी एकदा वैतागून म्हणालो.

"रोजचंच असेल तर लवकर वाचून होईल, बाबू."

रांगेतले हसले. मी वाचून दाखवलं.

एका पावसाळ्याच्या शेवटी त्याने सांगितलं, "आचोल्याच्या बाजूच्या मोरीपाशी पानी खातंय." मोरी म्हणजे रुळाखालून पाणी जायची दगडी वाट. मी शाळेत व्याकरणात पहिला येणारा. 'पाणी साचते' असं लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"साचत नाय. खातंय."

"अहो, पाणी काय खाईल?"

"माती. आतून."

मी 'साचते'च ठेवलं. अंगठा हवेतच राहिला. शेवटी आमचे साहेब खोलीतून बाहेर आले. भागातले सगळे रूळ त्यांच्या हाताखाली. त्यांनी वहीत पाहिलं.

"पावसाळ्यात पाणी साचतं, यात नवीन काय? दे अंगठा."

"साचत नाय साहेब. खातंय."

"अंगठा द्यायचा नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

त्याच्या घरी म्हातारी आई, बायको, तीन मुलं. राहायची खोलीसुद्धा रेल्वेची. नोकरी गेली की खोलीही जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने शाईचा अंगठा डोक्याच्या फडक्याला पुसला.

"नाय येनार. पन साहेब, मग तुमी लिवा. 'पानी खात नाय, गाडी जाऊ द्या.' खाली तुमची सही करा. त्याखाली मी अंगठा देतो न् घरी जातो."

साहेबांनी माझ्या हातातून टाक घेतला. दौतीत बुडवला. वहीवर टेकवला नाही. हवेत थांबलेला दुसरा हात मी त्या दिवशी पाहिला.

टाक खाली ठेवून ते म्हणाले, "चल, दाखव."

आम्ही तिघे रुळांवरून ढकलत न्यायच्या ढकलगाडीवरून गेलो. मोरीपाशी सगळं हिरवंगार, शांत. पाणी टीचभरही साचलेलं नव्हतं, म्हणजे माझं वाक्य साफ खोटं होतं. तो भरावाच्या कडेने उतरला, गवत बाजूला केलं आणि पहार मातीत लावली. जोर काढावा लागलाच नाही. पहार मुठीपर्यंत आत गेली. बाहेर काढली तेव्हा टोकाला निळा चिखल होता.

"मिठागरात बांध असाच जातो," तो म्हणाला. "वरून गवत, आत पोकल. आमी त्याला पानी खातंय बोलतो." रेल्वेत येण्यापूर्वी त्याने दहा वर्षं मिठागरात बांध राखले होते.

साहेब स्वतः लाल झेंडा घेऊन रुळावर उभे राहिले. विरारकडून येणारी गाडी अलीकडेच थांबली.

दोन दिवस दगड भरले. पहिली गाडी माणसाच्या चालीने सोडली, तेव्हा इंजिनाच्या बाजूने तो खांद्यावर हातोडी टाकून चालत होता. एखाद्या नवरदेवाच्या घोड्याचा लगाम धरावा तसा. खिडकीतून लोक विचारत होते, "काय झालं हो?"

"काय नाय झालं," तो सांगत होता. ते तो इतक्या ऐटीत सांगत होता की मला अजून ऐकू येतं.

साहेबांनी नंतर वही नव्याने आखून घेतली. सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे, त्याला वाचून दाखवून. शेजारी ऐकणाऱ्या साहेबाची सही, आणि मग काय केलं ते. साहेब बदलून गेले, वही तशीच राहिली. नवे साहेब आले की तो पहिल्याच दिवशी विचारायचा, "माजा अंगठा झाला साहेब. तुमचा?"

गेल्या महिन्यात, नोकरीत असतानाच, तो गेला. चार दिवस ताप, बस. मृत्यूची खबर कचेरीला कळवायचा कागद घेऊन मी त्याच्या खोलीवर गेलो. हातोडी दाराआड उभी होती. त्याच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, गादीवर अंगठा दाबला आणि हवेत धरला.

"आदी वाचून दाखवा."

मी कागद उजेडाकडे धरला. मग वाचलं. शेवटची ओळ होती, 'सेवेच्या काळात एकही तक्रार नाही.'

"तक्रार नाय कशी?" वहिनी म्हणाल्या. "रोज करायचा."

मी ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'रोज तक्रार करीत असे.' पुन्हा वाचून दाखवलं.

मग अंगठा खाली आला.