आधी इंग्रजीत माग

मैत्रिणींनो, आजचं आजच सांगते. उद्या धीर होणार नाही.

आमचे हे भिंगारला लष्करी कचेरीत कारकून. सुमीला गोऱ्या मडमेच्या शाळेत घालायचंय, म्हणून घरात मी नियमच केला: इंग्रजीत मागितल्याशिवाय पाणीसुद्धा मिळायचं नाही. पोर पाच वर्षांची.

शेवगावहून आलेली माझी आई तापाने फणफणलीय. दुपारी दळण घेऊन परतले तर ती विनवत होती, "पानी दे गं बाई, घशाला लई कोरड पडलीय."

सुमी भरलेला पेला धरून समोर बसली होती. "से इट इन इंग्लिश, आज्जी."

मी हात उगारला.

आई म्हणाली, "तिला नको मारू. तू बी तिच्याम्होरं अशीच बसतीस का गं?"

मी "नाही" म्हणाले. तुमच्यातली कोण खरं बोलली असती?