झाडू घाण होईल

"हातानं उचल," साहेब म्हणाले.

मी फक्त झाडू मागितला होता. साहेबांनी आत आवाजही दिला होता, "झाडू दे गं हिला." साहेबांच्या बाई दारातूनच म्हणाल्या, "आपला नको. झाडू घाण होईल."

झाडू घाण होईल. कचरा काढायचा झाडू.

मग मी हातानं उचलला. साहेबांच्या फाटकापुढचा सगळा. लेकरांची भरलेली डायपरं, आंबलेला भात, केसांचं गुंतवळ, दाढीचं पातं. पात्यानं बोट कापलं. समोरच्या गॅलरीत लोक चहाचे कप घेऊन बघत होते. साहेबांनी मोबाईलवर शूटिंग केलं, कॉलनीच्या ग्रुपवर टाकायला. शेवटी म्हणाले, "हात जोड. पुन्हा बकऱ्या इकडं आणणार न्हाई म्हण." मी जोडले. तेच हात. माझी कबरी बकरी तोवर त्यांच्या फाटकाला बांधलेली होती, कान धरून पकडलेली. गाभण होती. ती सुटावी म्हणून मी सगळं केलं.

ही परभणीतली जिंतूर रस्त्याची कॉलनी. आमची वस्ती तिच्या पाठीमागं. माझं माहेर देवगाव फाट्याकडचं, बकऱ्या-मेंढरांतच वाढले. लग्न होऊन इथं आले. नवरा मिस्त्रीच्या हाताखाली जातो, मी सहा बकऱ्या पाळते. त्यांना बांधावर चरायला न्यायचं तर रस्ता कॉलनीतूनच जातो, दुसरा नाही.

कॉलनीच्या कोपऱ्यावर एक रिकामा प्लॉट आहे. सकाळी घंटागाडी गाणं वाजवत येते, तेव्हा ही मंडळी अंथरुणात. मग दुपारी कॅरीबॅगला गाठ मारायची आणि प्लॉटवर भिरकवायची. आतल्या भाताचा वास बकरीला येतो. गाठ काही तिला सोडता येत नाही. ती पिशवीसकट खाते, नाहीतर तोंडात धरून ओढत नेते. त्या दिवशी कबरीनं एक पिशवी साहेबांच्या फाटकापर्यंत ओढत आणली आणि तिथं ती फुटली. साहेब कॉलनीचे अध्यक्ष. म्हणाले, "तुमच्या बकऱ्यायनं कॉलनीचा उकिरडा करून टाकला." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. आणि मी मूग गिळून बसले. साहेबांपेक्षा मला याचाच राग जास्त येतो.

पंधरा दिवसांनी कबरीनं चारा सोडला. पोट डाव्या बाजूनं टम्म फुगलं, दाबलं तर दगड. मी तिला रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखान्याच्या पायऱ्या चढेपर्यंत ती गेली.

मी डॉक्टरांना म्हणलं, "फाडून बघा. मला बघायचंय."

पोटातून निघाला तो एक गोळा. पिशव्यांचा. पीळ पडून सुंभासारखा घट्ट झालेला. दोन्ही हातांत मावेना. काही पिशव्यांच्या गाठी तशाच होत्या, मारलेल्या. गर्भात दोन पिल्लं होती, अंगावर केस आलेली.

डॉक्टर हात धूत म्हणाले, "बाई, पोट भरलेलं होतं. पण ही उपाशी मेली."

मी तिथं फरशीवर बसून रडले. पोटभर रडले. मग गोळा धुतला, घमेल्यात घातला आणि घरी आणला.

नवरा म्हणाला, "मोठ्या लोकायच्या नादी कामून लागायलीस? राहायचं हाय आपल्याला इथं."

"राहायचं हाय म्हणूनच," मी म्हणलं.

रविवारी सकाळी कॉलनीची मीटिंग होती, महादेवाच्या मंदिरापुढं, खुर्च्या मांडून. विषय, बकऱ्यांचा बंदोबस्त. नवीन बोर्डही करून आणला होता, 'बकऱ्या आणण्यास सक्त मनाई'. मी घमेलं घेऊन गेले आणि गोळा साहेबांच्या पायांपुढं फरशीवर टाकला.

"हे काय आणलंस? उचल आधी," साहेब म्हणाले.

"माझं न्हाई ते. तुमचं हाय. माझ्या बकरीच्या पोटात ठेवलं होतं, परत आणून दिलं."

बाईंनी पदर नाकाला लावला. साहेब उठले, मागं सरले, ओरडले, "झाडू आणा रे कोणीतरी."

"झाडू घाण हुईल, साहेब," मी म्हणलं. "हातानं उचला."

साहेब म्हणाले, पोलीस बोलावतो. मी म्हणलं, "बोलवा. पंचनामा करा. गाठी कुणी मारल्या तेबी लिहा." आणि तिथंच पायरीवर बसून राहिले. एकेक खुर्ची रिकामी झाली. पोलीस काही आले नाहीत. सगळे पांगल्यावर मी उठले. गोळा तिथंच होता.

दुसऱ्या दिवशी घंटागाडीवरची बाई तो उचलायला वाकली. मी तिचा हात धरला. म्हणलं, "तू नको. ज्याचं त्याला उचलू दे."

तिसऱ्या दिवशी दिवस उगवताना मी बकऱ्या घेऊन निघाले तर साहेब दिसले. एकटेच. हातात कॅरीबॅग घातली होती, मोज्यासारखी. त्यांनी गोळा उचलला, इकडंतिकडं बघितलं, चालत कोपऱ्यावर गेले आणि त्याच प्लॉटवर भिरकावला. हातातली पिशवीही वर टाकली.

मला हसू आलं, आणि संतापही.

साहेब घरात जाईपर्यंत मी थांबले. मग प्लॉटवर गेले, गोळा उचलला आणि त्यांच्या फाटकापुढं, बाईंनी नुकत्याच काढलेल्या रांगोळीशेजारी नेऊन ठेवला. आताही हातानंच उचलला. पण आता मला कुणी 'उचल' म्हणलं नव्हतं.

पाच बकऱ्या उरल्यात. मनाईचा बोर्ड लागलाय. मी त्याच्या खालूनच त्या नेते, रोज. प्लॉटवर कुणी गाठीची पिशवी भिरकावताना दिसलं की ती उचलते आणि त्याच्याच दारात ठेवते. उद्याही ठेवीन. हात आता कुणापुढं जोडणार नाही.