टिंबटिंब येतं का

आमदार झाली तरी लोक तिला कंडक्टरबाईच म्हणायचे, आणि तिलाही तेच बरं वाटायचं. "आमदारबाई" अशी हाक आली की ती मागं वळून बघायची, कुणी दुसरीच आली की काय म्हणून. निम्मं आयुष्य हलत्या गाडीत तिकिटं फाडण्यात गेलेलं. आवाज असा कमावलेला, की माईक बंद पडला तरी शेवटच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्या सभासदानं दचकून चष्मा शोधावा. बसवाल्यांच्या संपात ती पुढं होती. संप फिसकटला, पण बाई लोकांच्या ध्यानात राहिली आणि पुढच्या निवडणुकीत तिला उभं केलं. पडायला म्हणूनच उभं केलं होतं. ती निवडून आली, तेव्हा सगळ्यात जास्त घोटाळा तिच्याच पक्षाचा झाला.

सभागृहात सुरुवातीला ती रस्त्यांवर बोलली, गळक्या शाळांवर बोलली. ते सगळेच बोलतात. मग एकदा तिनं स्वतःचा प्रश्न टाकला: बसच्या आगारांत काम करणाऱ्या बायांची सोय आहे का?

त्या प्रश्नामागं तिची अख्खी नोकरी होती. कामावर निघताना अर्धा कप चहा, पाणी नाही. उन्हात जीभ टाळ्याला चिकटली तरी नुसती चूळ भरायची. आगारात पुरुषांना निदान मागची भिंत तरी होती. बायांना घर येईपर्यंत दात आवळून बसायचं. तिची जोडीदारीण, दोघी एकाच दिवशी नोकरीला लागलेल्या, अजून त्याच रस्त्यावर कंडक्टरकी करत होती. मूत्रपिंडाला सूज येऊन नुकतीच दवाखान्यात पडलेली. डॉक्टर म्हणाला, भरपूर पाणी प्या. ती म्हणाली, "पिते की. सोडू कुठं, तेवढं चिठ्ठीवर लिहून द्या."

मंत्र्यांनी उत्तर वाचलं, "सर्व आगारांत प्रसाधनगृहे उपलब्ध आहेत."

बाई उठली. "मंत्रिमहोदय, तिथं मुतता येतं का?"

सभागृह असं हसलं की बाकं हलली. मंत्री गडबडले, हसू दाबत "होय, होय" म्हणाले आणि खाली बसले. अध्यक्षांनी हातोडी आपटून तो शब्द कामकाजातून काढून टाकला.

छापील कामकाज हातात आलं तेव्हा त्यात असं होतं: "तिथं... येतं का?" आणि खाली मंत्र्यांचं उत्तर: "होय."

बाईनं ते जोडीदारणीला फोनवर वाचून दाखवलं. ती खाटेवरूनच खवळली. "अगं, काय टिंबटिंब येतं तिथं? आरशात तोंड बघता येतं! मेल्यांनी प्रश्न खाल्ला आणि उत्तर तेवढं ठेवलं."

नेमकं हेच झालं होतं. बाईनं पुन्हा विषय काढला तर पक्षाच्या प्रतोदांनी तिला बाजूला घेतलं. "मंत्री होय म्हणालेत. छापून आलंय. विषय संपला. आता उगीच चिघळवू नका, पुढच्या तिकिटाचं बघायचंय ना?"

"तिकिटं मी फाडत आलेय साहेब," बाई म्हणाली. "मला नका दाखवू."

घरीही काही आरती ओवाळली जात नव्हती. सासू भाजी घेऊन आली ती पिशवी आपटतच. "रांगेत एक जणी विचारते, मुतारीबाईची सासू ना तुम्ही?"

"मग? काय म्हणालात?"

"काय म्हणणार? हो म्हणाले. नाव तर पडलंच, आता निदान बांधून तरी दे. नाहीतर नावही गेलं आणि मुतारीही नाही."

नवरा शिंपी. मशीनवर बसल्या बसल्या म्हणाला, "मी काय म्हणतो, लघुशंका म्हण की. कानाला बरं लागतं."

"तेच लिहून पाठवलं होतं मागं. खात्याचं उत्तर आलं, आपल्या शंकेचे निरसन करण्यात आले आहे."

शिंप्याचा दोरा तुटला, इतका हसला.

एकच दार उघडं होतं. महिला कर्मचाऱ्यांच्या सोयींवर सभागृहाची एक समिती होती, बाई तिची सदस्य होती, आणि वाहतूक खात्याचे सचिव तिथं साक्षीला यायचे होते. समितीची मुदत संपत आली होती. ही साक्ष वाया गेली, तर नवी समिती, नवी माणसं, पुन्हा पहिला पाढा. आणि छापलेलं "होय" तसंच राहणार होतं.

समितीचे प्रमुख म्हणजे मास्तर. शाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झालेले, मग राजकारणात आलेले. माणूस सरळ, पैशाला न शिवणारा, पण जिभेला सोवळं. दुसऱ्याच्या भाषणातही ऱ्हस्व-दीर्घ ऐकू येतं म्हणायचे. हातात तांबडी पेन्सिल कायम.

लांब टेबल, झाकण घातलेले पाण्याचे पेले, खरखरणारा पंखा. सचिवांनी शपथ घेतली. ते दमलेले, सभ्य गृहस्थ होते. मागं दोन अधिकारी चिठ्ठ्या घेऊन तयार.

"सचिवसाहेब," बाईनं सुरुवात केली, "आगारात बायांना मुतारी आहे का?"

पेन्सिल टेबलावर टकटकली. "शब्द बदला," मास्तर म्हणाले.

"बदलते. प्रसाधनगृह आहे का?"

"आहे," सचिव म्हणाले.

"त्यात काय असतं?"

मागून चिठ्ठी आली. "आरसा. हात धुवायचं भांडं. काही ठिकाणी फळी."

"वेणीफणीची सोय झाली. स्वच्छतागृह?"

"तेही आहे."

"त्यात?"

पुन्हा चिठ्ठी. सचिवांनी ती जरा जास्तच वेळ वाचली. "झाडू. बादल्या. फिनेल."

"झाडूची सोय झाली. विश्रांतिगृह?"

"तिथं बाक आहेत."

"म्हणजे दाबून बसायचीही सोय आहे."

सभासद फिस्सकन हसले. मास्तर हसले नाहीत. बाई त्यांच्याकडं वळली. "मास्तर, तुमचे सगळे चांगले शब्द वापरून झाले. प्रत्येक शब्दाला एक एक खोली निघाली, आणि एकाही खोलीत बाईमाणसाला मुतता येत नाही. आणखी एखादा शब्द असेल तर द्या, तोही वापरते."

मास्तर मनातल्या मनात शब्दकोश चाळत असावेत. थोड्या वेळानं पुटपुटले, "मूत्रालय..."

"मूत्र चालतं आणि मूत म्हटलं की विटाळ होतो?"

"सभ्यता म्हणून काही असतं, बाई. घरी बोलतो ते इथं आणायचं नसतं."

"आणि कुणीच कुठं बोलत नाही, ते मात्र इथं आणायचं?"

मास्तरांचा चेहरा तांबडा झाला. "आणखी एकदा तो शब्द आला, तर मी साक्ष थांबवीन."

आता तोंड सोडलं असतं तर बाईचं समाधान झालं असतं, पण साक्ष गेली असती. बसमध्ये चढलेल्या दारुड्याला खाली उतरवताना ती जसा श्वास आवरायची, तसा तिनं आवरला. पेल्यावरचं झाकण काढून पाणी प्यायली.

"आवाज चढला, त्याची माफी मागते," ती म्हणाली. "शब्दाची नाही. पण आता मी तो उच्चारत नाही. सचिवसाहेब, पहिल्यांदा मी जे विचारलं, तशा किती आहेत? तेवढंच सांगा."

सचिव अडचणीत आले. शपथेवर होते. आहेत म्हणता येईना, नाहीत म्हटलं तर मंत्र्यांचं "होय" खोटं ठरत होतं. मागून चिठ्ठीही येईना. अशा वेळी जुना अधिकारी जे करतो तेच त्यांनी केलं, कागदी उत्तर दिलं. सावकाश, एकेक शब्द तोलून म्हणाले, "'मुतारी' हा शब्द खात्याच्या वर्गीकरणात नाही. त्यामुळे त्याची मोजणी ठेवलेली नाही."

कामकाज टिपून घेणाऱ्याचा हात थबकला. त्यानं मास्तरांकडं बघितलं: हेही काढू?

बाईनं हे योजलेलं नव्हतं. तिला नुसतं उत्तर हवं होतं. पण आता शब्द तिचा राहिला नव्हता, साक्षीदाराचा झाला होता. मास्तरांनी पेन्सिल उचलली, ओठ हलवत वाक्य मनाशी म्हणून बघितलं. टिंबटिंब हा शब्द खात्याच्या वर्गीकरणात नाही. कोणता शब्द? वाक्याला कर्ता असून बोडकं. मुलांच्या वह्यांत आयुष्यभर असली वाक्यं खोडत आलेला माणूस, स्वतःच्या सहीखाली कसं जाऊ देणार? आणि वाक्याचा अर्थही आता त्यांना लख्ख दिसला असावा, कारण ते सचिवांकडं वेगळ्या नजरेनं बघत होते.

"राहू द्या," मास्तर म्हणाले. "आणि बाईंचा प्रश्नही राहू द्या. उत्तर ठेवायचं आणि प्रश्न खोडायचा, हे कसलं लिखाण?" मग घसा साफ करून सचिवांना म्हणाले, "मोजणी करून आणा. वर मथळा तोच घाला."

"कुठला, साहेब?"

मास्तरांनी छताकडं बघत तो शब्द उच्चारला. पंख्याची खरखर होती, तरी सगळ्यांना ऐकू आला.

मोजणी आली, ती बहुतेक शून्यांचीच. एक-दोन आगारांत होती, पण कुलूप लावलेली, किल्ली आगारप्रमुखाच्या खिशात. बाईनं मास्तरांबरोबर बसून शिफारशीचं वाक्य न् वाक्य घासलं. शुद्धलेखन त्यांचं, हट्ट हिचा. "सोय" हा शब्द जिथं जिथं आला तिथं तिनं खोडायला लावला. "सोयीत काहीही बसतं मास्तर. ह्यांनी बाकसुद्धा बसवला."

अहवाल सभागृहात आला. मास्तरांनी शिफारस स्वतः वाचली, त्या शब्दापाशी न अडखळता. या खेपेला हसायला सुरुवात करणारे दोघं-तिघं एकटेच पडले. मंत्री उठून म्हणाले, शिफारस मान्य आहे, बांधकाम लवकरच सुरू होईल. बाकं वाजली. प्रतोदांनी लांबूनच बाईला हात केला: झालं, बसा आता.

बाई उभी राहिली. "आतून कडी लागेल का?"

मंत्र्यांनी अधिकाऱ्यांच्या कक्षाकडं बघितलं. "दार असेल."

"दाराचं नाही विचारलं. कडी. आतून."

"माहिती घेऊन सांगतो."

"सन्माननीय सदस्या," अध्यक्ष म्हणाले, "आपण खाली बसावं."

"बसते ना," बाई म्हणाली. "उत्तर आलं की बसते."